शिक्रापूरजवळ सहा एकरांवर साडेचारशे परवडणारी घरं बांधायची आहेत. पर्यावरणाचं नियोजन कुठून सुरू करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रांजणगावच्या कारखान्यांतल्या कामगारांची गृहनिर्माण संस्था आहे, जमीन घेऊन झाली आहे, घरं वन आरके आणि वन बीएचके. सल्लागार म्हणतो, "ईसीचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका." मग ईसी, म्हणजे पर्यावरण मंजुरी, हातात आली की पर्यावरणाचं नियोजन झालं असं समजायचं का?

नाही. सतरा वर्षं मी याच फाइली बनवतोय, म्हणून सांगतो. त्यातलं निम्मं आधीच्या फाइलीतून उचललेलं असतं. नाशिकच्या एका प्रकल्पाच्या अहवालात पुण्याच्या मुळा-मुठेचं नाव तसंच राहून गेलेलं मी स्वतः पकडलं आहे, आणि तो अहवाल आमच्याच ऑफिसात तयार झाला होता.

कागदाचं आधी उरकतो. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाच्या, अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. दीड लाख चौरस मीटरच्या खाली असलात तर '८ अ' गटात येता आणि अर्ज राज्य पातळीवर जातो. लोक फसतात ते मोजमापात. हे बांधकाम क्षेत्र म्हणजे एफएसआयमध्ये (चटई निर्देशांकात) मोजलं जाणारं क्षेत्र नव्हे. जिने, पार्किंग, तळघर, छताखाली जे जे येतं ते सगळं यात धरतात. तुमचं घर आतून तीस-चाळीस चौरस मीटरचं असलं तरी सगळं धरून दर घरामागे साठ चौरस मीटर सहज होतात. साडेचारशे घरांचे झाले सत्तावीस हजार. म्हणजे मंजुरी लागणार, आणि तीही खोदाईला हात लावायच्या आधी. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेंट टू एस्टॅब्लिश, म्हणजे उभारणीची संमती, वेगळं. मंजुरी मिळाल्यावर दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अनुपालन अहवाल द्यावा लागतो. तो कोण देणार हे आजच ठरवा, कारण सल्लागाराचं बिल मंजुरीपाशी संपतं.

आता खरं काम. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: आठव्या वर्षी यातलं काय चालू असेल? तेव्हा बिल्डर नसतो, सल्लागार नसतो. असते ती सोसायटीची कमिटी, मेन्टेनन्सची थकबाकी आणि सेकंड शिफ्ट करून आलेला चेअरमन.

हे मी कसं शिकलो तेही सांगतो. पुण्याच्या पूर्वेला अशाच एका स्वस्त घरांच्या प्रकल्पाचा सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, म्हणजे एसटीपी, आम्ही तळघरात बसवला होता. वर जागा वाचते म्हणून सगळे खूश होते. ताबा देऊन तीन वर्षं झाल्यावर मार्चमध्ये सहज गेलो. जिन्यातच वास. खाली ब्लोअरच्या (एसटीपीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या) पॅनेलवर झेंडूची माळ सुकून लटकलेली, तारेत आपट्याचं पान खोचलेलं. वॉचमन म्हणाला, "साहेब, मशीन बंद असतं, पण खंडेनवमीला पूजा दरवर्षी करतो." मैला थेट बाहेरच्या ओढ्यात जात होता आणि गेटवर टँकर उभा होता. कागदावर तो प्रकल्प आजही शंभर टक्के पाणी पुन्हा वापरतो.

चूक लोकांची नव्हती. त्यांना कोणी हिशेब मांडून दाखवलाच नव्हता. तो तुमच्यासाठी मांडतो. माणशी रोज १३५ लिटर आणि घरात पाच माणसं धरायची, हा नेहमीचा ठोकताळा. साडेचारशे घरांना रोज तीन लाख लिटर पाणी लागेल. त्यातलं माणशी ४५ लिटर संडासाच्या फ्लशला जातं, म्हणजे एक लाख लिटर. हे लाखभर लिटर एसटीपीतून आलं नाही तर दहा हजार लिटरचे दहा टँकर रोज. टँकर हजार रुपयांना धरला तर महिन्याला तीन लाख, म्हणजे घरटी साडेसहाशेच्या वर. उलट दहा अश्वशक्तीचा ब्लोअर दिवसाला वीस तास चालवला तर दीडशे युनिट. युनिट दहा रुपयांनी धरलं तरी महिन्याला पंचेचाळीस हजार, घरटी शंभर. ऑपरेटर, पंप, गाळ उपसणं असं सगळं धरून हे तिप्पट केलं तरी टँकरच्या निम्म्याहून कमी. हा हिशेब पहिल्याच सर्वसाधारण सभेत फळ्यावर लिहून दाखवा.

पण त्यासाठी फ्लशची पाइपलाइन पहिल्या दिवसापासून वेगळी हवी. ती नंतर टाकता येत नाही. भिंती काँक्रीटच्या असतील तर नाहीच नाही. आणि एसटीपी तळघरात नको. जमिनीवर, उताराच्या खालच्या टोकाला ठेवा, म्हणजे मैला आपोआप वाहत येईल. आपल्याकडे वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून येतो, म्हणून जमलं तर पूर्वेची बाजू धरा.

उरलेल्या दोन लाख लिटरचं काय? हा प्रश्न सल्लागाराला विचारा आणि उत्तर लेखी मागा. 'पाणीपुरवठा होईपर्यंत विकासक व्यवस्था करील' अशा हमीपत्रावर पुण्याभोवती कितीतरी सोसायट्या उभ्या आहेत. ती हमीपत्रं फाइलीत आहेत आणि लोक टँकरवर.

आता जमीन. सातबारा आणि मोजणीचा नकाशा दोन्हींवर ओढा दिसला नाही म्हणून ओढा नाही असं समजू नका. जुना गावनकाशा काढा, कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या चढ-उताराची मोजणी, करून घ्या आणि स्वतः जाऊन बघा. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, पण करंज, उंबर, जांभूळ एका वळणावळणाच्या ओळीत उभे दिसले की समजायचं, खालून पाणी जातंय. अशी ओळ दिसली तर तिथे इमारत नको आणि पाइप टाकून वर रस्ताही नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तो वर्षभर नाल्यासारखा वाहणारा ओढा त्या रात्री भिंती पाडत घरांत शिरला आणि माणसं घेऊन गेला. नदी जवळ असेल तर जलसंपदा विभागाची पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत बांधकामाचं नावच नको. दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते, पण मी तिथे फक्त खेळाचं मैदान ठेवीन.

पावसाचा आकडाही डोक्यात असू द्या. सहा एकरांवर तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर बारा लाख लिटर पाणी. आज तुमची जमीन त्यातलं बरंच पिऊन टाकते. सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले की तेच पाणी गेटमधून शेजाऱ्याच्या शेतात शिरतं आणि भांडणं सुरू होतात. म्हणून जिरवण्याचे खड्डे हवेतच, पण कुठे? शिरूर तालुक्यात काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि भिजली की फुगून बंद होते. काळ्या मातीतला शोषखड्डा म्हणजे डासांचं डबकं. खाली मुरूम लागेपर्यंत जायला हवं आणि खालचा खडक भेगांचा हवा. सलग काळ्या पाषाणात पाणी जिरत नाही, मग वर कितीही विटांचे तुकडे आणि वाळू भरा. अनेक प्रकल्पांत हे खड्डे ड्रॉइंगवर समान अंतरावर, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे मांडलेले असतात. तिथे भूगर्भतज्ज्ञ फिरकलाच नव्हता, याची ती खूण. वरची वीस सेंटिमीटर माती आधी खरवडून एका बाजूला झाकून ठेवा. बागेसाठी नंतर तीच विकत घ्यावी लागते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी इमारतींमधल्या अंतरावर घालवीन. पर्यावरण म्हटलं की लोकांना झाडं आणि सोलर आठवतं. दोन इमारतींमधली मोकळी जागा कुणाला आठवत नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये, इमारती जेमतेम तीन मीटरवर एकमेकींना खेटून उभ्या आहेत. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने तिथे पाहणी केली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले: ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचं प्रमाण जास्त. झोपडपट्टीतून पक्क्या घरात आणलेली माणसं तिथे आजारी पडली. आणि मुंबईतल्याच माहुलच्या पुनर्वसन वसाहतीला तर जागाच रिफायनऱ्यांच्या शेजारची निवडली. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथे राहायला तयार नसलेल्या कुटुंबांना महिना पंधरा हजार रुपये भाडं द्या.

तुमच्याकडे सहा एकर आहेत, मुंबईची अडचण नाही. सत्तावीस हजार चौरस मीटर पाच थरांत, म्हणजे तळमजला अधिक चार, बसवलं तर जेमतेम साडेपाच हजार चौरस मीटर जमीन व्यापली जाते. एक चतुर्थांशही नाही. तळघर लागत नाही, मोकळी जागा भरपूर उरते. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो. पंधरा मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा साडेतेरा मीटर उत्तरेला पडते. म्हणून उत्तर-दक्षिण दिशेने दोन इमारतींत चौदा मीटर सोडा. तळमजल्यावरच्या म्हातारीला थंडीत दुपारचं ऊन मिळेल आणि तिचे तांदूळही वाळतील. आर्किटेक्ट म्हणेल, नियमात यापेक्षा कमी चालतं. चालतं, खरंय. तरी सोडा. लिफ्टची जागा मात्र आज ठेवा, पुढेमागे लागेल.

इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून ठेवा. पश्चिमेला जिना, संडास, बाथरूम टाका. स्वस्त घरांत हल्ली अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कच्या काँक्रीट भिंती असतात (सगळे त्याला मिवान म्हणतात). काम झटपट होतं, पण एप्रिलमध्ये अशी पश्चिमेची भिंत रात्री अकरापर्यंत तव्यासारखी तापलेली असते. २०१८ च्या इको निवास संहितेत बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट ठरवली आहे. तुमच्या आर्किटेक्टला हा एक आकडा काढून द्यायला सांगा. तो गडबडला तर समजून जा. दोन फुटी छज्जे, गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, यांना वीजबिल येत नाही आणि कमिटीला काही चालवावंही लागत नाही. आणि कृपा करून धुणं वाळत घालायला जागा द्या. ती नसली की लोक खिडकीच्या ग्रिलवर कपडे टाकतात आणि तुमच्या सगळ्या वायुविजनाचं गणित त्या ओल्या चादरीपाशी संपतं.

सोलर घ्याच, पण पंप आणि एसटीपीच्या वीजबिलासाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटला अठरा हजार रुपये अनुदान ठरवलं आहे.

झाडांचं नेहमीचं गणित ८० चौरस मीटर भूखंडामागे एक, म्हणजे तुमची तीनशे. कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण लावा. सप्तपर्णीच्या रांगा नकोत. पुण्यात ती इतकी लावली आहे की ऑक्टोबरच्या रात्री वासाने डोकं उठतं. ओल्या कचऱ्याला मशीन नको, विटांचे हौद पुरे, फक्त ते बघणाऱ्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात धरा. बांधकामाच्या काळात मजुरांना संडास आणि पाणी पहिल्या दिवसापासून द्या, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

या आठवड्यात करायचं एवढंच. पाऊस सुरू व्हायच्या आत जमिनीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच खड्डे मुरूम लागेपर्यंत जेसीबीने घ्या. किती फुटांवर काय लागलं ते लिहा, प्रत्येकात मोजून पाणी ओता आणि किती वेळात जिरलं ते घड्याळ लावून बघा. तो कागद आर्किटेक्टला पहिली रेघ मारायच्या आधी द्या. कंटूर नकाशा झाला की इथेच टाका, एसटीपी आणि खड्डे कुठे बसतील ते मी बघून सांगतो. त्याचे पैसे नाहीत.