टेनर व्हायचंय ना, मग आधी कालाफ सोड

अरे बाबा,

व्हिडिओ बघितला तुझा. गच्चीवर उभा, मागं पाण्याची टाकी, आणि थेट कालाफचं 'नेस्सून दोर्मा', पुच्चिनीच्या 'तुरान्दोत' ऑपेरातलं गाणं, हाणायलास! हिंमत आहे, मानलं. शेवटचा वरचा सूर लागला पण, खोटं कशाला बोलू. पण त्या सुराला तुझी हनुवटी वर गेली, मानेच्या शिरा टम्म फुगल्या आणि सूर सोडल्या सोडल्या तू खाकरलास. मला त्या खाकरण्याची काळजी वाटली.

सूर कसा काय लागला ते सांगतो. तू लहानपणापासून सप्ताहात चाली म्हणतोस, त्या पण काळी पाचमध्ये. काळी पाचचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आणि या गाण्यातला सगळ्यात वरचा सूर यात अर्ध्या सुराचंच अंतर आहे, म्हणजे उंची तुझ्या घरचीच. त्यामुळं तू टेनर, म्हणजे पुरुषांतला उंच आवाज, असशील असं मलाही वाटतंय, पण आत्ताच शिक्का मारून घेऊ नको, विशीतला आवाज कच्चा असतो. कार्लो बेर्गोन्झी आधी बॅरिटोन, म्हणजे त्याच्या खालचा मधला आवाज, म्हणून स्टेजवर आला आणि मग टेनर झाला, प्लासिदो दोमिंगोची सुरुवात पण तशीच.

फरक असा की सप्ताहात तुझ्यापुढं माइक असतो. ऑपेरात माइक नाही, आणि स्टेजसमोरच्या खड्ड्यात सत्तर-ऐंशी वादक. एवढ्या लोकांवरून आवाज पार बाल्कनीपर्यंत जातो तो जोर लावून जात नाही रे. ऑर्केस्ट्राची ताकद साधारण 500 हर्ट्झच्या आसपास जास्त असते, वर जाशील तशी ती कमी होते. तयार गायकाच्या आवाजात 3000 हर्ट्झच्या आसपास एक जादा चमक असते, तिथं ऑर्केस्ट्रा विरळ आणि आपला कान पण तिथंच तिखट, म्हणून एकटा माणूस ऐकू येतो. ही चमक घसा मोकळा आणि कंठमणी खाली राहिला तर येते, ओरडलं की जाते. आपल्याकडचे जुने गोंधळी बिनमाइकचे रात्रभर गायचे आणि शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला पण शब्द कळायचे, ते काय रात्रभर ओरडत नव्हते.

आणि एक गंमत. ज्या सुरासाठी तू एवढा जीव काढलास तो पुच्चिनीनं कागदावर अगदी चुटकीएवढा लिहिलाय, लांब धरायचा सूर त्याच्या पुढचा, खालचा. वरचाच लांबवायची सवय गायकांनी लावली आणि पब्लिकनं टाळ्या देऊन ती पक्की केली.

आता मेन मुद्दा. हे गाणं ज्या 'तुरान्दोत'मधलं आहे त्यातला कालाफ हा जड आवाजाचा रोल आहे. टेनर पावारोत्तीचं नाव या गाण्याशी जोडलंय म्हणून सगळी पोरं तिथनंच सुरू करतात. पण बाबा, तो एकोणिसाव्या वर्षी शिकायला लागला, मधे प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, इन्शुरन्स विकला, बाप बेकरीवाला, आणि 1961 ला पंचविसाव्या वर्षी स्टेजवर आला तो 'ला बोएम'मधल्या रोदोल्फोच्या, त्यामानानं हलक्या रोलमध्ये. कालाफ त्यानं स्टेजवर गायला 1977 ला. सोळा वर्षं! मधे 1972 ला रेकॉर्डिंग केलं होतं, कंडक्टर आपला मुंबईचा झुबिन मेहता, पण स्टुडिओत चुकलं तर परत घेता येतं. उलट दुसरा टेनर कारेरास बघ. बडा कंडक्टर कारायाननं बोलावलं आणि 1979 ला साल्झबर्गला त्यानं बत्तिसाव्या वर्षी 'आइदा'तला रादामेस, असलाच जड रोल, गायला. जाणकार अजून म्हणतात की त्या नाजूक आवाजावर लई लवकर ओझं टाकलं. मला ते पटतं. अर्थात कारायानला नाही म्हणायला कुणाची छाती होणार, ते पण आहेच.

तुलाही उद्या कुणीतरी एखाद्या कार्यक्रमात म्हणणारच, तेच फुटबॉल वर्ल्ड कपवालं 'नेस्सून दोर्मा' म्हण रे, वन्स मोअर. तिथं नाही म्हणायचं, हसून म्हण पण नाही म्हण. आपल्याकडं आवाज बसला तर पेटीवाल्याला खुणावतो, पट्टी खाली घे. ऑपेरात शंभर माणसं एका पट्टीत बांधलेली असतात, ती सोय सहसा नाही.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. इटालियनमधले त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून येतात, जोडाक्षरावर आपण 'पक्का'त थांबतो तसंच थांबायचं असतं. तू इंग्रजी सबटायटल वाचून सगळीकडं ट आणि ड म्हणायलास, ते आधी बंद कर.

पैशाचं सरळ सांगतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, 2016 ला ऑपेरा हाऊस परत उघडलं, पण पूर्ण ऑपेरा वर्षात मोजकेच, त्यावर पोट भरत नाही. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा हाऊस आहेत, त्यातली बरीच हाऊस गायक पगारावर ठेवतात, कोरसला पण पगार असतो. कोरसला नाक मुरडू नको. फ्रीलान्सवाल्याचं तर असं की सर्दी झाली, शो गेला, मानधन गेलं. म्हणून बी.ए. पुरी कर, सोबत जर्मन सुरू कर. वडील पोलीस भरतीचं म्हणायलेत ना, पळायला जा की मग, श्वासाला बरंच आहे.

रात्री अकराला येसराची आमटी आणि ठेचा खाऊन आडवं व्हायचं बंद, आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जड होतो. आणि गुटख्याची पुडी खात असशील तर मला पत्रच पाठवू नको.

आता दोन-तीन वर्षं हलकं गा. 'कारो मियो बेन' हे सोपं इटालियन गाणं मधल्या पट्टीत बसव, खोलीत, फोन लांब ठेवून रेकॉर्ड कर आणि पाठव. नंतर नेमोरिनोचं, म्हणजे ऑपेरातल्या एका हलक्या टेनर रोलचं, बघू. वडिलांना मी रविवारी फोन करतो, तू मधे बोलू नको. मुंबईला येणारच असशील तर तपोवन एक्सप्रेसचं रिझर्वेशन आधी काढ, दिवाळीच्या तोंडावर परभणीतून जागा मिळत नाही.

तुझा,
मामा