आईवडिलांना दोन आठवड्यांच्या क्रूझला पाठवू का? कंटाळतील का?

तुम्ही लिहिलंय की आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, त्यांना लांबच्या क्रूझचं तिकीट काढून द्यायचंय, पण पाण्यात इतके दिवस ते रमतील का ही शंका आहे. आम्ही दोघं सोलापूरची, मी बँकेतून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात बार्सिलोना ते मायामी अशी १३ रात्रींची क्रूझ करून आलो. मुलगा अमेरिकेत असतो, त्यामुळे तिथला व्हिसा होताच. युरोपचा तेवढा काढावा लागला.

तिकीट स्वस्त पडलं, त्याला कारण आहे. उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरणारी जहाजं थंडी लागली की कॅरिबियनकडे जातात. रिकामं जाण्यापेक्षा माणसं भरून नेलेली बरी. पण मग वाटेत बंदरं मोजकीच. आम्हाला स्पेनचं मालागा लागलं, मग अटलांटिकमधलं तेनेरीफ बेट, आणि त्यानंतर सलग सात दिवस नुसतं पाणी. तुम्ही बघताय ती क्रूझ अशी आहे की रोज नवीन गाव दाखवणारी, ते आधी तपासा. दोन्ही प्रकार अगदी वेगळे.

तेनेरीफ सोडलं ती संध्याकाळ मी विसरणार नाही. बेटावरचा तेइदे डोंगर ३,७१५ मीटर उंच. जहाज निघून तास-दोन तास झाले तरी तो मागे उभाच. शेजारच्याच ला गोमेरा बेटावरून १४९२ साली कोलंबस निघाला होता, त्याला जमीन दिसायला ३६ दिवस लागले. आमचं जहाज ताशी २० नॉट, म्हणजे साधारण ३७ किलोमीटर. सोलापूरच्या सात रस्ता चौकातून सुटलेला आमचा रिक्षावाला याहून जोरात जातो. पण हे रात्रंदिवस चालतं, थांबत नाही, म्हणून दिवसाला जवळजवळ ९०० किलोमीटर होतात. वारा पाठीमागून आणि जहाजही त्याच दिशेला, त्यामुळे डेकवर कित्येकदा वारं असं लागतच नाही. नुसती उबदार, दमट हवा. अर्धा रस्ता ओलांडल्यावर पाण्यावर पिवळट-तपकिरी शेवाळाचे लांबच लांब पट्टे दिसायला लागले, आणि त्यांच्यातून फर्रकन उडणारे मासे. चिमण्यांचा थवा उठावा तसे. त्यासाठी मी तीन दुपारी कठड्याला टेकून उभा होतो.

हिचा आनंद वेगळाच होता. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. पहिल्या दिवशी बाथरूममध्ये गेली ती सवयीने बादली शोधायला लागली! समुद्राचंच पाणी जहाजावर गोडं करून नळाला सोडतात हे कळल्यावर म्हणाली, "आणि आपण उजनी धरणाकडे डोळे लावून बसायचं." तरीही रोज अंघोळ झाली की घाईने नळ बंद करायची.

आता त्रासाचं. पश्चिमेकडे जाताना जवळजवळ रोज रात्री घड्याळ एक तास मागे करतात. तेनेरीफ ते मायामी असे पाच वेळा. दिवस २५ तासांचा होतो, ऐकायला झकास, पण आम्ही पहाटे तीनला टक्क जागे. नाश्ता सातला. घरून नेलेल्या पाकीटबंद कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी त्या चार तासांतच संपली. शाकाहारी जेवणाचं म्हणाल तर उपाशी राहत नाही, पण पास्ता आणि उकडलेल्या भाज्यांचा वीट येतो. आमचा वेटर गोव्याचा निघाला. त्याने सांगितलं, "काकू, आदल्या रात्री सांगून ठेवा, डाळ-भात करून देतो." हे आम्हाला सहाव्या दिवशी कळलं. तुमच्या आईला पहिल्याच रात्री विचारायला सांगा.

इंटरनेटचे पैसे वेगळे आणि ते उपग्रहावरून, त्यामुळे नातवाचा व्हिडिओ कॉल पाचदा तुटायचा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं. मला साधा खोकला झाला होता, बिल बघून तो आपोआप थांबला. प्रवासाचा विमा काढल्याशिवाय पाठवूच नका.

आणि कंटाळा? येतो. खोटं कशाला सांगू. पहिले दोन दिवस थिएटर, पोहण्याचा तलाव, नाचगाणी बघण्यात गेले. मग तेच ते वाटायला लागलं. पाचव्या दिवशी ही मला विचारत होती, किचनमध्ये लसूण सोलायला घेतील का हो? चाळीस वर्षं जिला दुपारी बसायला मिळालं नाही, तिला आता बसवेना. मला मात्र बसणं जमलं. आमच्या गावचे डॉ. कोटणीस १९३८ साली मुंबईहून बोटीनेच चीनला गेले. भैया चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून मी हजारदा गेलो असेन, पण बोटीवर माणूस दिवसचे दिवस काय करत असेल हा विचार पहिल्यांदा तिथे मनात आला.

म्हणून आईला नुसतं "जाशील का" विचारू नका, हो म्हणेल. काही काम नसताना तिला चैन पडते का, ते घरी जाल तेव्हा बघा. नसेल पडत तर विणकाम, पत्ते, काहीतरी सोबत द्या. नाहीतर रोज बंदर लागणारी आठवड्याची क्रूझ घ्या.

खोली मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या. एसटीच्या मागच्या बाकावर बसून प्रवास केलेल्याला कारण सांगायला नको. बाल्कनीच्या मोहाने आम्ही वरची, पुढच्या टोकाची घेतली आणि दोन रात्री आलेपाकावर काढल्या.

वडील बीपी-शुगरच्या गोळ्या घेत असतील तर घड्याळ मागे सरकत जाणार हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना सांगून वेळा लिहून घ्या. आम्ही नेमकं तेच विसरलो होतो.