खेळ आणि शरीर : ताप उतरला, पण शर्यतीचं काय?

प्रश्न : ताई, मी मूळचा इंदूरचा, रामबागेतला. वय 25. दोन वर्षांपासून शिकायला नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला आहे. तिथल्या एका क्लबात सायक्लोक्रॉस खेळायला लागलो. यंदा सप्टेंबरअखेरपासून पाच शर्यती केल्या. पहिलीत 41वा आलो होतो, पाचवीत 17वा. दिवाळीच्या आठवडाभर आधी घरी आलो आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ताप भरला. डेंगी निघाला. प्लेटलेट 38 हजारांवर आल्या, चार दिवस दवाखान्यात काढले. आता ताप जाऊन दहा दिवस झालेत, प्लेटलेट दीड लाखाच्या वर आहेत. पण जिना चढलो की मांड्या थरथरतात. सकाळची नाडी एरवी 50 असायची, ती 64 आहे. 14 डिसेंबरला तिकडे शर्यत आहे, पैसे भरून झालेत. मागे राहून नुसती पूर्ण केली तर चालेल का? हंगाम फेब्रुवारीत संपतो. एवढी मेहनत वाया जाणार म्हणून झोप लागत नाही.
— सायकलवेडा

उत्तर : 14 डिसेंबरची शर्यत सोड. भरलेले पैसे गेले तर जाऊ देत. हे आधीच सांगून टाकते, कारण नाहीतर पुढचं सगळं तू त्यातून वाट शोधत वाचशील. मी तेच केलं होतं.

‘नुसती पूर्ण करतो’ हे रस्त्यावरच्या लांब पल्ल्याला जमतं. दम लागला तर वेग कमी करायचा, कुणाच्या तरी मागे लागायचं. सायक्लोक्रॉसमध्ये ते जमत नाही, आणि हे तुलाही माहीत आहे. बाकीच्या वाचकांसाठी सांगते : हा युरोपातला हिवाळ्याचा खेळ. शेतात, बागेत, वाळूत साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरची फेरी आखतात आणि तीच पुन्हा पुन्हा मारायची. वाटेत चाळीस सेंटिमीटरपर्यंत उंच आडव्या फळ्या असतात. तिथे उतरायचं, सायकल उचलून पळायचं आणि पळता पळताच परत बसायचं. चढ निसरडा असला की सायकल खांद्यावर. मोठ्या पुरुषांची शर्यत तासाभराची असते, हौशींची अर्धा-पाऊण तासाची. पण सुटल्या क्षणी नाडी जी वर जाते ती शेवटपर्यंत खाली येत नाही. चिखलात पॅडल सैल सोडलं की चाक रुतलंच. म्हणजे हळू जाण्याची सोयच या खेळात नाही.

आपल्या माळव्याच्या लोकांना हे लवकर कळावं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतात गेलं की दहा पावलांत चपलेला दुसरा तळ चढतो आणि पाय उचलता उचलेना होतो. बेल्जियममधल्या गेंटजवळच्या गावेरेला पहिल्यांदा शर्यत बघायला गेले, तेव्हा बुटाला तसाच गोळा लागला आणि मला एकदम आजोबांचं सांवेरचं शेत आठवलं. बेल्जियमचा नामी खेळाडू स्वेन नीस फळ्यांवरून सायकलसकट उडी मारून जायचा, लोक ओरडायचे, आणि मी मात्र त्याच्या चाकांना चिकटलेली माती बघत उभी होते.

2003 साली मी फिजिओथेरपीच्या पुढच्या शिक्षणासाठी गेंटला होते. बायकांची सायक्लोक्रॉसची जागतिक स्पर्धा सुरूच मुळी 2000 साली झाली, त्यामुळे हौशी शर्यतीत आम्ही कधी नऊजणी असायचो, कधी चौदा. नोव्हेंबरात घसा धरला, मानेच्या गाठी सुजल्या, 38 ताप आला. रविवारी शर्यत होती. सकाळी गोळी घेतली, ताप उतरला, गेले.

त्या दिवसाची तिसरी फेरी मला अजून दिसते. चढावर सायकल खांद्यावर घेतली आणि वरची नळी नेमकी मानेच्या गाठीवर दाबली गेली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. वर पोचून बसले तर ब्रेकवरची बोटं आपली वाटेनात, लोकरीच्या हातमोज्यात दुसऱ्या कुणाची तरी बोटं असावीत तशी. तरी शर्यत पूर्ण केली. पुढच्या रविवारी परत गेले. दोन शर्यतींत मिळून चारदा पडले.

त्यानंतर तीन आठवडे अंथरुणात. रक्त तपासल्यावर निघालं ते तिकडच्या भाषेत क्लीरकोर्त्स, म्हणजे गाठींचा ताप. एपस्टाइन-बार विषाणूचा आजार, तरुणांना होतो. त्यात प्लीहा सुजते. डॉक्टरबाईंनी माझ्या डाव्या बरगडीखाली दोन बोटं ठेवली आणि म्हणाल्या, पडताना हँडल इथे लागलं असतं तर सुजलेली प्लीहा फुटून आत रक्तस्राव झाला असता. मी काहीच बोलले नाही. त्या चार पडण्यांपैकी एकात हँडल कमरेला लागलं होतं. वीतभर खाली.

तुझा आजार वेगळा आहे, पण चूक तीच व्हायला नको. डेंगीत ताप उतरतो तेव्हाच्या एक-दोन दिवसांत खरा धोका असतो. तो टप्पा तू दवाखान्यात पार केलास, हे चांगलं झालं. प्लेटलेट वर आल्या म्हणजे रक्तस्रावाची भीती कमी झाली. एवढाच त्या आकड्याचा अर्थ. स्नायू भरून आले, हृदय ताजंतवानं झालं, असं तो आकडा सांगत नाही. डेंगीनंतरचा थकवा कित्येकांना आठवडेच्या आठवडे पुरतो. आणि विषाणूच्या तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. डेंगीतही ती येऊ शकते. अशा हृदयाला त्याच्या कमाल वेगाच्या नव्वद टक्क्यांवर पाऊण तास धावडवलं तर ठोक्यांची लय बिघडू शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. छातीत दुखणं, धडधड, साध्या चालीला धाप, चक्कर यांतलं काहीही जाणवलं तर सायकलला हात न लावता डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी, लागला तर इको करून घे. सूज निघालीच तर तीन ते सहा महिने खेळ पूर्ण बंद. तिथे घासाघीस नाही.

तसं काही नसेल, तर तुझी नाडी तुला वाट दाखवेल. 50 ची 64 झाली आहे, म्हणजे शरीर अजून आतल्या कामात गुंतलंय. रोज जाग आल्यावर, उठून बसायच्या आधी, पूर्ण एक मिनिट मोज आणि लिहून ठेव. घड्याळाच्या पट्ट्यावर विसंबू नकोस, मनगटावर बोटं ठेव. आकडा 54-55 च्या आत सलग आठवडाभर राहीपर्यंत फक्त चालणं. मग सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर पहाटे वीस मिनिटं सायकल, सपाटीवर, बोलता येईल अशा दमानं. सिमरोलच्या घाटाचं नावही काढू नकोस. दुसऱ्या दिवशी नाडी वर गेली किंवा दुपारी अंग टाकावंसं वाटलं तर दोन दिवस मागे ये. थोडा थोडा वेळ जोरात मारायचे तुकडे सगळ्यात शेवटी. आणि पूर्ण सराव दोन आठवडे विनातक्रार झाला, तरच शर्यत. मोजून बघ, यात जानेवारी सरतो. फेब्रुवारीतली एखादी शर्यत मिळाली तर मिळाली.

मेहनत वाया जाण्याबद्दल. डच सायकलपटू मारिआने व्हॉसचं नाव तुला सांगायला नको. तिचा 2015 चा रस्त्यावरचा हंगाम दुखापत आणि थकव्यात गेला. सायक्लोक्रॉसचं सातवं जागतिक विजेतेपद 2014 चं आणि आठवं 2022 चं. मध्ये आठ वर्षं. तू एक डिसेंबर मागतो आहेस.

आणि परत गेल्यावर रविवारी खोलीत बसू नकोस. मी बसले होते, अंथरुणातून उठल्यावरचे पहिले दोन रविवार, आणि ते आजारापेक्षा वाईट गेले. तिसऱ्या रविवारी एका मैत्रिणीनं मला पिटमध्ये उभं केलं. ती चिखलानं जड झालेली सायकल देऊन धुतलेली घेऊन जायची आणि पुढच्या फेरीपर्यंत आधीची धुऊन तयार ठेवायची हे माझं काम. मागच्या गिअरच्या दातांतून काडीनं गवत काढताना मला त्या खेळातलं जे कळलं, ते दोन हंगाम पळून कळलं नव्हतं : कोण कुठल्या वळणाला उतरतं, कुणाच्या चाकात हवा किती, कोण शेवटच्या फेरीसाठी काय राखून ठेवतं. क्लबाला सांग, मला पिटमध्ये काम द्या. फक्त कपडे कोरडे ठेव.

याच पाकिटात घडी घातलेली दुसरी चिठ्ठी निघाली, पेन्सिलनं लिहिलेली. ती त्याच्या आईची.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. ही चिठ्ठी त्याला न सांगता घालते आहे. त्याचे तिकडचे फोटो पाहिले तर तोंडापर्यंत चिखल. त्या चिखलानंच तर दुखणं आलं नाही ना? पपईच्या पानांचा रस देते आहे, तो चालू ठेवू का? आणि हा खेळ सोड म्हणून सांगू का? माझं तो ऐकेल, पण नाराज होईल.

उत्तर : वहिनी, डेंगी चिखलातून येत नाही, डासातून येतो, आणि तो डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कूलरची टाकी, गच्चीतला जुना टायर, मनी प्लँटची बाटली आजच रिकामी करा. एकदा डेंगी झालेल्याला दुसऱ्या प्रकारचा डेंगी झाला तर तो जास्त जड जाऊ शकतो, म्हणून हे त्याच्यासाठी खास महत्त्वाचं.

चिखलाबद्दलची तुमची शंका मात्र अगदीच चुकीची नाही. गुरं चरतात त्या शेतातला चिखल तोंडात गेला तर कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूनं जोरदार जुलाब होतात. कॅनडात 2007 साली चिखलातल्या एका सायकल शर्यतीनंतर अशीच साथ आली होती. त्याला सांगा, बाटलीला टोपण असू दे आणि शर्यत संपल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस.

पपईच्या रसावर भिस्त ठेवू नका. प्लेटलेट आता आपल्या आपण भरल्या आहेत, आणि तो कडू रस पिऊन त्याची भूक मरत असेल तर बंदच करा. मुगाची खिचडी, अंडं चालत असेल तर अंडं, ताक, डाळिंब. दुखण्यात वजन उतरलं असेल, ते आधी भरून यायला हवं.

खेळ सोड असं म्हणू नका. तो ऐकेल म्हणता, म्हणूनच म्हणू नका. 41वरून 17वर आलेल्या मुलानं काय केलं आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त एक करा. त्याच्या उशाशी एक वही ठेवा, दोऱ्यानं पेन्सिल बांधून. सकाळी आधी आकडा लिहायचा, मग चहा. तो विमानात बसेल तेव्हा वही त्याच्या बॅगेत घाला, आणि पहिल्या पंधरा दिवसांचे आकडे मला या पत्त्यावर कळवा.