आधी कर्जातून नाव, मग हक्कसोड

प्रश्न : फ्लॅट आणि गृहकर्ज दोन्ही आम्हा नवरा-बायकोच्या नावावर. सुरुवातीची रक्कम माझे दागिने मोडून भरली, हप्ते नवऱ्याच्या पगारातून जातात. आता परस्परसंमतीने घटस्फोट घेतोय. तो म्हणतो, "फ्लॅटवरचा हक्क सोडल्याचं नोटरीकडे लिहून दे, पैशांचं नंतर बघू." सही करू का?

उत्तर : नका करू. निदान या क्रमाने तर नकोच.

तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरून लिहितो. घटस्फोट झाला की सगळं निम्मं-निम्मं होतं, हा समज बहुधा मालिकांनी पसरवलाय. गोवा सोडलं तर आपल्याकडे तसा कायदा नाही. इथे कागद बोलतो, आणि कागदावर तुमचं नाव आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 45 नुसार दोघांनी मिळून घेतलेल्या मालमत्तेत ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा. पुरावाच नसेल तर दोघांचे हिस्से समान धरतात. म्हणजे उद्या तो हप्त्यांची पासबुकं पुढे करेल. तुमच्याकडे सोनाराने तुमचे दागिने विकत घेतल्याची पावती, ती रक्कम खात्यात आल्याची नोंद आणि बिल्डरला दिलेल्या चेकची नोंद असायला हवी. जुन्या नोंदी बँकेकडून आजच मागवा.

नोटरीच्या कागदाने फ्लॅट त्याच्या एकट्याचा होत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. पण नोटरीचा तो कागद तुमच्याविरुद्ध कोर्टात फडकवला जाईल, हे नक्की.

खरी मेख कर्जात आहे. हक्क सोडलात तरी सहकर्जदार म्हणून तुमची सही बँकेत तशीच राहते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात "हप्ते पती भरेल" असं लिहून घेतलंत तरी बँक त्या प्रकरणात पक्षकार नसते. त्याने हप्ते थकवले की नोटीस तुम्हालाही येणार आणि तुमचा सिबिल स्कोअरही घसरणार. म्हणून कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर करायला बँक तयार आहे का, हे आधी लेखी घ्या. एकट्याच्या पगारावर बँक तयार होईलच असं नाही. ती तयार नसेल तर फ्लॅट विकून, कर्ज फेडून उरलेले पैसे वाटून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, घरात जीव कितीही अडकला असला तरी.

तुमच्या हातातलं बळ वेळेत आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब (परस्परसंमतीचा घटस्फोट) खाली पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं (योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलंय) आणि हुकूम होईपर्यंत दोघांची संमती टिकावी लागते. म्हणून कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी ठरवून कोर्टात द्यायच्या अटींमध्ये) असं लिहा : काही रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेली शेवटच्या तारखेला डिमांड ड्राफ्टने कोर्टासमोर, आणि बँकेने तुम्हाला कर्जातून मोकळं केल्याचं पत्र मिळाल्यावरच हक्कसोडपत्राची नोंदणी. "नंतर बघू" हा शब्द त्यात नको.

उरलेले दागिने स्त्रीधन आहेत, ते वाटणीत धरू नका. पोटगी एकरकमी घेतली तर साधारणपणे त्यावर प्राप्तिकर लागत नाही, दरमहा घेतली तर लागतो. शिवाय दरमहाची रक्कम पुढे परिस्थिती बदलली की कोर्ट कमी-जास्त करू शकतं.

त्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात तुमचं नाव असेल तर ते घटस्फोटानंतर निघेल. स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या. जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) तेवढा लवकर सुरू होईल.