वाचकांचे प्रश्न : लहान तळ्यासाठी वेगळे मासे

प्रश्न : घरामागे 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल असे तळे बांधून वर्ष झाले. पाण्याचे तापमान हिवाळ्यात 12, तर उन्हाळ्यात 28 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. गोल्डफिश आणि कोई सगळीकडेच दिसतात, म्हणून स्टर्लेट, वेदर लोच आणि बिटरलिंग अशी तीन नावे काढून ठेवली आहेत. यांपैकी काय निवडावे?

उत्तर : आपल्या तळ्यात साधारण 4,500 लिटर पाणी मावते. एवढ्याशा पाण्यात वेगळेपण माशाच्या आकारात न शोधता त्याच्या सवयींत शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून स्टर्लेटचे नाव कृपया काढून टाकावे. विक्रीला असतो तेव्हा तो वीतभर असतो. पण स्टर्जन कुळातला हा मासा मीटरभर लांब होऊ शकतो आणि वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. शिवाय त्याला थंड, प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. 12 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 28 अंशांना मात्र 8 मिलिग्रॅमच्या आतच. म्हणजे आपला उन्हाळा त्याला सोसणार नाही. दोऱ्यासारख्या शेवाळात अडकला तर त्याला सुटताही येत नाही.

वेदर लोच काटक आहे. पृष्ठभागावर येऊन तो हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषून घेतो. वादळापूर्वी हवेचा दाब बदलला की बेचैन होतो, त्यावरूनच त्याला हे नाव पडले. परंतु तो सतत तळ उकरत असल्याने पाणी गढूळ होते आणि इतर माशांची अंडीही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत.

माझी पसंती बिटरलिंगला आहे. जेमतेम 5 ते 8 सेंटिमीटरच्या या माशाची मादी आपल्या लांब अंडनलिकेने गोड्या पाण्यातील जिवंत शिंपल्याच्या कल्ल्यांत अंडी घालते, नर शिंपल्याच्या पाणी आत घेण्याच्या छिद्राजवळ शुक्राणू सोडतो आणि पिल्ले काही आठवडे शिंपल्याच्या आतच सुरक्षित वाढून मग बाहेर पडतात. हे आपल्या अंगणात पाहायला मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे! अडचण आहे ती शिंपल्यांची, कारण ते पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून खातात आणि फिल्टरने लख्ख केलेल्या तळ्यात उपाशी मरतात. मेलेला शिंपला वेळीच काढला नाही, तर कुजून पाणी बिघडवतो.

सोबतीला जपानी मेडाका शोभेल. हा 3 ते 4 सेंटिमीटरचा मासा थंडी आणि ऊन दोन्ही सोसतो, डासांच्या अळ्या खातो आणि मादी अंड्यांचा घोस काही काळ पोटाखाली बाळगून मग पाणवनस्पतींना चिकटवते. (1994 साली कोलंबिया अवकाशयानात मेडाकांचे प्रजनन झाले होते.) पिल्ले वाचावीत म्हणून एका कोपऱ्यात दाट वनस्पती ठेवाव्यात.

काही प्रदेशांत परक्या जातींवर बंदी असते, तेव्हा खरेदीपूर्वी नियम तपासावेत. नकोसे झालेले मासे वा शिंपले नदी-ओढ्यात मात्र कधीही सोडू नयेत.

आधी तळाशी वाळूचा थर देऊन चार-पाच शिंपले ठेवावेत. त्यांनी एक उन्हाळा निभावला, तरच आठ-दहा बिटरलिंग आणावेत आणि तळ्यात सोडण्यापूर्वी ते किमान दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत.