सुरी नसलेले हात

प्रिय विद्यार्थीमित्रा,
अनेक आशीर्वाद.

चीन नावाचा केक परकी सत्ता वाटून घेतायत, त्या व्यंगचित्रावरचं तुझं टिपण वाचलं. 'चित्रकार साम्राज्यवादाची खिल्ली उडवतो' असं तू पहिल्याच वाक्यात ठोकून दिलं आहेस आणि गाडी तिथेच घसरली आहे. खिल्ली आहे खरी, पण कोणाची, हे टेबलाभोवतीचे हात मोजल्याशिवाय कळत नाही.

चित्र पुन्हा समोर घे. आंरी मेयेरचं हे चित्र 'ल पती जुर्नाल' या पॅरिसच्या दैनिकाच्या सचित्र पुरवणीत 16 जानेवारी 1898 रोजी आलं. मथळ्यात 'राजांचा केक' आहे. फ्रान्समध्ये 6 जानेवारीच्या सणाला हा केक घरोघरी कापतात. आत एक दाणा लपवलेला असतो आणि तो ज्याच्या वाट्याला येईल तो त्या दिवसाचा राजा. वाचकाने दहाच दिवसांपूर्वी तो घरी खाल्लेला. पाच सांतीमला, म्हणजे अगदी स्वस्तात, विकल्या जाणाऱ्या आणि लाखोंनी खपणाऱ्या पेपरला समजावून सांगावा लागणारा विनोद परवडत नाही.

आता हात बघ. जर्मनीचा सम्राट विल्हेल्म याने सुरी रोवलेल्या तुकड्यावर 'किआओचौ' लिहिलंय. जर्मन आरमाराने चीनच्या किनाऱ्यावरचा तो उपसागर 14 नोव्हेंबर 1897ला बळकावला, 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर सही झाली 6 मार्च 1898ला. चित्र या दोन तारखांच्या मधलं, म्हणजे सौदा अजून कच्चा असतानाचं. व्हिक्टोरिया राणी विल्हेल्मकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहतेय. जपानी सामुराई विचारात पडलाय, कारण चीनकडून जिंकलेला लियाओतुंग द्वीपकल्प 1895 मध्ये रशिया, जर्मनी आणि फ्रान्सने दमदाटी करून त्याला परत करायला लावला होता. मागे चिनी अधिकारी दोन्ही हात वर करून ओरडतोय. चेहरा असा काढलाय की त्याची कीव येण्याआधी हसूच यावं.

आणि मारियान, म्हणजे खुद्द फ्रान्स? ती रशियाच्या निकोलसला खेटून उभी आहे (1894 पासून दोघांची युती होती ना!) आणि तिच्या हातात सुरी नाही. प्रचार आहे तो इथे. एप्रिल 1898 मध्ये त्याच फ्रान्सने दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौवानवर आपलं निशाण रोवलं.

म्हणून अर्थ लावण्याआधी तारखा लिहून काढायच्या: घटना कधीची, अंक कधीचा, पुढे काय झालं. मग पेपर कुठला, त्याच्या देशाचं पात्र चित्रात कुठे आहे आणि त्याच्या हातात काय दिलंय. शेवटी, ज्या जमिनीवरून भांडण चाललंय तिथली माणसं चित्रात आहेत का. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

तो विसरला की काय होतं, ते फाशोदाच्या चित्रात दिसतं. त्याच पुरवणीत, त्याच वर्षी नोव्हेंबरात, फ्रान्स झालीय परीकथेतली लाल टोपीवाली मुलगी (आजीला खाऊ द्यायला निघालेली, जिला आजीच्या जागी लांडगा भेटतो), तिच्या हातात 'फाशोदा' नावाची भाकरीसारखी चपटी रोटी, आणि पलंगावर आजीच्या वेषात इंग्लंडचा लांडगा. आफ्रिकेतलं नाईलकाठचं ते ठाणं फ्रेंच अधिकारी मार्शांच्या तुकडीने 10 जुलैला गाठलं होतं, सप्टेंबरात ब्रिटिश सेनापती किचनर गनबोटी घेऊन समोर उभा राहिला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पॅरिसने माघार कबूल केली. गोष्टीतली मुलगी मात्र रोटी घरूनच घेऊन निघते, म्हणजे ती तिचीच! उपमा निवडतानाच मालकी ठरून गेली. मार्शांसोबतचे आफ्रिकी शिपाई चित्रात नाहीत आणि ज्यांचा तो मुलूख, ते शिल्लुक लोकही नाहीत.

प्रचार म्हणजे खोटंच, असंही धरून चालू नकोस. 28 नोव्हेंबर 1906 च्या 'पंच' या लंडनच्या साप्ताहिकात लिनली सँबर्नने बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याचं डोकं लावलेला रबराचा साप काढला. काँगोतल्या माणसाला त्याने विळखा घातलाय. रबरासाठी तिथल्या लोकांवर लिओपोल्डच्या राजवटीने केलेला तो जुलूम खरा होता. पण 'पंच'ने असा साप कोणत्या राजाचा काढला आणि कोणाचा काढला नाही, हे त्याचे आधीचे-नंतरचे अंक चाळून पाहावं लागतं. एका चित्रावर निकाल देऊ नये.

इंटरनेटवरून चित्र उचलताना खालची ओळ कापलेली नाही ना, ते बघ. 'पंच'चा चित्रकार टेनियल याच्या 1878 च्या चित्रात अफगाण अमीर सिंह (ब्रिटन) आणि अस्वल (रशिया) यांच्या मधोमध उभा आहे. 'माझ्या मित्रांपासून मला वाचवा' ही ओळ गेली तर ते नुसतं प्राणिसंग्रहालय उरतं.

आणि आवृत्ती तपास. 28 सप्टेंबर 1901 च्या 'लासिएत ओ बर' या फ्रेंच साप्ताहिकात झां व्हेबेरने दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लोकांना कोंडून ठेवलेल्या छावण्यांवरून इंग्लंडला झोडपलं होतं. त्यात ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या बाईच्या, उघड्या ढुंगणावर राजा एडवर्डचा चेहरा होता. हरकत घेतली गेल्यावर नंतरच्या छपाईत त्यावर परकर चढला. तुझ्याकडची प्रत परकरवाली निघाली तर टिपणात तसं लिही, आणि बिनपरकराची शोधून दोन्ही शेजारीशेजारी लाव.