फुकट शिबिर, तरी लोक येत नाहीत

प्रश्न : ताई, आमच्या मंडळाची सात-आठ मुलं मिळून शेजारच्या वस्तीत बीपी-शुगर तपासणीचं शिबिर घेतो. पहिल्या वर्षी तुफान गर्दी होती, यंदा खुर्च्या रिकाम्या. पत्रकं वाटली, रिक्षावर स्पीकर फिरवला, तरी सगळे म्हणतात 'बघू'. एका मावशींनी तर तोंडावर दार लावलं. आमचं काय चुकतंय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी मला एक सांगा, पहिल्या वर्षी ज्यांचं रक्त घेतलंत त्यांच्या हातात रिपोर्ट पडले का? पत्रात कुठेच लिहिलं नाहीये म्हणून विचारते. मी ज्या वस्तीत काम करायचे तिथे आमच्याआधी काही लोक येऊन रक्त घेऊन गेले होते, फोटो काढले, बॅनर गुंडाळला आणि परत कुणी फिरकलंच नाही, त्याचा राग पुढे दोन वर्षं आमच्यावर निघायचा. बायका सरळ विचारायच्या, आमचं रक्त नेऊन केलंत काय? बरोबरच होतं ना त्यांचं.

आणि शिबिर कधी, कशाचं घ्यायचं हे वस्तीत कुणाला विचारलं होतं का? डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेलं तेव्हा लोकांना दवाखान्याआधी पाणी आणि पोटाला अन्न हवं होतं, पाठोपाठ ७२चा दुष्काळ, मग डॉक्टर असूनही त्यांनी विहिरी, हातपंप, मुलांचं जेवण हे आधी हातात घेतलं. गावातल्या पुरुषांना जात विसरून एकत्र आणायला व्हॉलीबॉल सुद्धा खेळले! आणि आरोग्याचं काम दिलं गावानेच निवडलेल्या बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन बाळंतपणं करायच्या, मुलांची वजनं घ्यायच्या. आपल्यातलीच बाई सांगतेय म्हटल्यावर लोक ऐकतात हो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं की दवाखान्यात का येत नाही, तेव्हा कळलं की डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे बघूनच भीती वाटते, कारण मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतात. आपण शहरात बसून कितीही डोकं खाजवलं तरी हे सुचलं नसतं. मग तिथला दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि नाव दिलं आदिवासींच्याच दंतेश्वरी देवीचं.

तुमच्याकडे रविवारी सकाळी दहाला शिबिर असेल तर त्या वेळी बायका धुणीभांड्याच्या कामावर नाहीतर पाण्याच्या रांगेत असणार, संध्याकाळी ठेवून बघा. शुगरचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नका, लग्नाची मुलगी असलेल्या घरात त्यावरून केवढं रामायण होतं ते मी पाहिलंय. वस्तीनेच सुचवलेल्या दोन-तीन बायकांना बीपीचं मशीन लावायला शिकवा, ते काही अवघड नाही. १४०/९०च्या वर आलं तर लगेच 'तुम्हाला बीपी आहे' असं सांगून घाबरवू नका, दुसऱ्या दिवशी परत मोजा आणि तरीही जास्तच असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात स्वतः सोबत जा, चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नका. गटार तुंबल्याची तक्रार आली तर वॉर्ड ऑफिसलाही त्यांच्याबरोबर जा, आमचा विषय नाही म्हणू नका.

आणि ज्या मावशींनी दार लावलं ना, त्यांच्याकडे या आठवड्यात जा. मशीन नको, पत्रक नको, फोटो तर अजिबात नको. त्यांचा रिपोर्ट शोधून घेऊन जा, हरवला असेल तर हरवला म्हणून सांगा आणि माफी मागा.